बकऱ्यांसकट

परतवाड्याहून घाट चढून वर गेलं आणि आणखी दोन तास गाडीत हाडं खिळखिळी करून घेतली की चिंचघाट येतं. अमरावती जिल्ह्याचं हे उत्तरेचं टोक, पलीकडं मध्य प्रदेश. तिथल्या सरकारी दवाखान्यामागं दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर आहे, त्याला कागदावर 'माहेरघर' म्हणतात. डोंगरातल्या लांबच्या वस्त्यांवरच्या बायांनी दिवस भरत आले की पंधरा-वीस दिवस आधीच इथं येऊन राहायचं, आयतं गरम जेवायचं, रोज तपासून घ्यायचं आणि कळा सुरू झाल्या की दहा पावलांवरच्या बाळंतपणाच्या खोलीत जायचं, अशी ती सोय. सरकारनं कधी नव्हे ते डोकं चालवलं तर उगाच नावं ठेवू नयेत. भिंतींना गुलाबी रंग होता, सहा खाटा होत्या, सहा मच्छरदाण्या होत्या, स्वयंपाकाला भागीरथाबाई नेमलेली होती. फक्त बाया तेवढ्या येत नव्हत्या.

अकरा महिन्यांत एक बाई एक रात्र राहिली आणि सकाळचा चहा व्हायच्या आत पसार झाली. भागीरथाबाई रोज थोडा वरणभात टाकायची, वाट पाहायची, मग तो स्वतःच खायची आणि "माह्या माहेरी मीच एकटी" म्हणून हसायची.

आरोग्यसेविका संध्या वानखडेला मात्र हसू येत नव्हतं. दर महिन्याला तिला एक तक्ता भरावा लागे. कोणत्या बाईला बोलावलं, ती आली का, आणि नसेल आली तर का नाही. 'का नाही' च्या पुढं तीन चौकटी छापलेल्या होत्या: घरच्यांचा विरोध, रूढी-परंपरा, इतर. 'इतर' वर खूण केली की संगणक खुलासा मागायचा आणि अर्धी ओळ टाइप होईतो नेटवर्क जायचं, म्हणून 'इतर'च्या वाटेला कोणी जात नसे. संध्या आपली 'रूढी-परंपरा' वर खूण करून मोकळी व्हायची. अकरा महिने तिनं इमानानं तेच केलं होतं.

संध्या चांदूर बाजारची. वय एक्केचाळीस. नवरा नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात पाळीवर, मुलगी आकांक्षा अमरावतीला राजापेठेत आजीजवळ राहून दहावीच्या शिकवणीला जात होती. डोंगरात संध्याला सहा वर्षं झाली होती. विनंती बदलीच्या यादीत यंदा तिचा नंबर पहिल्या पाचांत होता, आणि यादी जुलैअखेर लागायची होती. आकांक्षानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर जुलैअखेरपर्यंतचे दिवस खोडायला घेतले होते. आई येणार म्हणून आजीला आतापासून कामं वाटून ठेवली होती.

पण जायच्या आधी संध्याला एक काम पार पाडायचं होतं, आणि ते काम म्हणजे चंदा बेठेकर.

चंदा सालईढाण्याची. चिंचघाटपासून सात किलोमीटर आत चाळीस घरांची कोरकू वस्ती, आणि मधे नाला. नाल्यावर रपटा आहे, म्हणजे रस्त्याच्या उंचीचा सिमेंटचा पट्टा. पाऊस लागून राहिला की त्यावरून पाणी वाहतं आणि पलीकडची चाळीस घरं दोन-दोन, तीन-तीन दिवस तुटतात. दोन वर्षांपूर्वी चंदा अशाच दिवसांत घरी बाळंत झाली. रक्त थांबेना म्हणून चौघांनी तिला खाटेवर घालून नाल्यापर्यंत आणलं, आणि नाला तुडुंब. पाणी उतरेतो चार तास ती खाट पलीकडच्या काठावर होती. चंदा कशीबशी वाचली, मूल गेलं. संध्या त्या दिवशी अलीकडच्या काठावर उभी होती. हातात इंजेक्शन भरलेलं, आणि मधे पन्नास पावलांचं पाणी. त्या चार तासांबद्दल ती कोणाशी बोलत नसे, नवऱ्याशीही नाही.

आता चंदाला पुन्हा दिवस होते. रक्त साडेसात, तारीख जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातली. ह्या खेपेला चंदा नाल्याच्या अलीकडं असलीच पाहिजे, एवढं संध्यानं मनाशी पक्कं धरलं होतं.

तीनदा ती सालईढाण्याला जाऊन आली. तिन्ही वेळा चंदानं शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली. "हौ सिस्टर, आती ना." कोरकू माणूस दारात आलेल्याला तोंडावर नाही म्हणत नाही, त्याच्या घरी ते बरं दिसत नाही. तिन्ही वेळा ठरल्या दिवशी गाडी रिकामी परत आली. गाडीचे ड्रायव्हर किसनराव म्हणाले, "सिस्टर, डिझेल जाळून राहिलो आपण, बाकी काई नाई."

चौथ्यांदा संध्या बोलावायला गेलीच नाही. जून संपत आला होता. गावची आशा कार्यकर्ती जमुना हिला सोबत घेऊन ती सकाळीच चंदाच्या अंगणात जाऊन बसली आणि म्हणाली, "आज मी कामासाठी नाई आली. बसतो थोडी." आणि दिवसभर बसली.

बसल्यावर जे दिसतं ते उभ्याउभ्या बोलणाऱ्याला दिसत नाही. चंदाचा नवरा अकोल्याला एका इमारतीच्या कामावर होता, पोळ्याला येणार होता. घरात सासू मैनाबाई, दोन्ही डोळ्यांनी अधू, आणि पाच वर्षांची मुलगी. आणि सहा बकऱ्या. सकाळी चंदानं बकऱ्या सोडल्या, पोट सावरत त्यांच्यामागं टेकडीपर्यंत गेली, दुपारी पाण्याला आणल्या, एक शेजारच्या पेरलेल्या वावरात शिरली तिला हाकलून आणलं, पाला तोडून घातला, लेंड्या काढल्या, आणि ऊन कलायच्या आत सगळ्या मोजून घरात घेतल्या. हो, घरात. मागच्याच आठवड्यात दोन घरं सोडून एकाच्या अंगणातून बिबट्यानं बकरी उचलली होती. रात्री बकऱ्या आत आणि चंदा दाराला पाठ लावून, असा त्या घराचा रिवाज होता.

संध्यानं शेवटी विचारलं, "चंदा, खरं सांग मले. तू काहून येत नाई?"

चंदानं एका बकरीच्या कानातली गोचीड काढली आणि दगडावर चिरडली. मग हिंदी-वऱ्हाडीची भेळ करून म्हणाली, "मैं आई तो इनको कौन देखेगा सिस्टर? बुढी को दिखता नहीं. नवरा अकोल्याले. सब के घर में अपनी अपनी पेरणी."

"मंग हे आंधी काहून नाई सांगतलं?"

"तुम बोलती, चलो चलो." चंदाच्या आवाजात राग नव्हता. "क्यों नहीं आती, ये तो कभी पूछी नहीं."

जमुना खाली मान घालून पदराशी चाळा करत राहिली. तिला हे अकरा महिने ठाऊक होतं. पण तिलाही कोणी विचारलं नव्हतं.

संध्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अकरा महिने ती 'रूढी-परंपरा' वर खूण करत आली होती, आणि ही रूढी चार पायांची निघाली. असल्या रूढीनं तर तिची चांदूर बाजारची काकूसुद्धा बांधलेली होती. म्हशीचं कोण करील म्हणून काकू सख्ख्या भावाच्या लग्नाला गेली नव्हती. तेव्हा सगळ्या भावकीनं 'काय करते बिचारी' म्हटलं होतं. काकूचं ते आपल्याला कळतं, आणि चंदाला मात्र अडाणी ठरवायचं? संध्याला स्वतःची इतकी लाज वाटली की चहासुद्धा गोड लागेना.

तिनं कप खाली ठेवला. "बकऱ्याई घेऊन चाल," ती म्हणाली.

जमुना फिस्सकन हसली. मग संध्याच्या तोंडाकडं पाहून तिनं हसू आवरलं.

"बकऱ्या, सासू, पोरगी, सगळं. सामान बांध. परवा गाडी येते."

"दवाखाने में बकरी?" चंदानं विचारलं.

"ते मी पाहतो," संध्या म्हणाली.

पाहतो म्हणणं सोपं होतं. दवाखान्याचे डॉक्टर धर्मेंद्र अकोल्याचे, तिशीतले. माणूस वाईट नव्हता. रोजचे ऐंशी रोगी तपासायचा, औषध नसलं की स्वतः फोन करून मागवायचा. पण 'तपासणी पथक' हा शब्द ऐकला की त्यांचा चेहरा उतरायचा. संध्याचं बोलणं त्यांनी पूर्ण ऐकलं आणि पेन खाली ठेवलं.

"सिस्टर, हा दवाखाना हाय की कोंडवाडा?"

"माहेरघर हाय सर. बाई माहेरी येईन तं घरचं वाऱ्यावर टाकून येईन का?"

"जंतुसंसर्गाचं काय? मी बाळंतपणाची खोली फिनाईलनं धुवून घेतो, आन तुमी तिच्या मांग लेंड्या टाकणार?"

"मांग नाई. ते बंद जीप विटांवर उभी हाय नं, तिच्या पत्र्याच्या शेडमंधी. तिथून बाळंतपणाची खोली चाळीस पावलं दूर पडते, मी मोजून आली. बकरी मधल्या कडुनिंबाच्या अलीकडं येणार नाई. चंदाले आत घेण्याआंधी आंघोळ, नखं, कपडे, सारं मी पाहीन."

"आन साहेब आले तं?"

"साहेब आले तं मले पुढं करा."

डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर रांग वाढत होती. "लिहून द्या," ते शेवटी म्हणाले. "तुमच्या जबाबदारीवर. मी हो म्हणत नाई, नाईई म्हणत नाई. आन त्या बकऱ्या मले दिसल्या नाई पायजे."

संध्याचे वडील देवमन पंचायत समितीत शिपाई होते. शिपायाच्या हातून जितके कागद जातात तितके साहेबाच्याही जात नाहीत, आणि देवमननं त्यातून एकच गोष्ट पोरीला शिकवली होती: "सही करायच्या आंधी दोनदा वाच, आन केल्यावर मांगं पाहू नको." संध्यानं कागद लिहिला, दोनदा वाचला. बदलीची यादी महिन्यावर आली असताना असला कागद म्हणजे आपल्याच पायावर धोंडा, हे तिला कळत होतं. कॅलेंडर खोडणारी आकांक्षा डोळ्यांसमोर आली. मग नाल्याचा तो काठ आठवला. तिनं सही केली.

ठरल्या दिवशी किसनराव गाडी घेऊन सालईढाण्याला गेले. चंदा, मैनाबाई आणि पोरगी गाडीत बसल्या, बकऱ्या संध्या आणि जमुना हाकत आणणार होत्या. पण गाडी पुढं निघाली तशी बकऱ्या चंदाला दिसेनाशा झाल्या आणि चंदा दार उघडून उतरायलाच लागली. आता काय करता? किसनरावांनी गाडी मागं घेतली. पुढं सहा बकऱ्या, त्यांच्यामागं हातात काठी घेतलेल्या दोन सरकारी बाया, आणि त्यांच्यामागं पहिल्या गिअरमध्ये गुरगुरणारी सरकारी गाडी, अशी ती वरात निघाली. खिडकीतून चंदा दर वळणाला मोजत होती.

"तेवीस वर्षं झाले गाडी चालवून राहिलो," किसनराव डोकं बाहेर काढून म्हणाले. "बकऱ्यांच्या मांग पहिल्यांदाच."

"सायरन वाजवू नका म्हणजे झालं," संध्या म्हणाली.

सात किलोमीटरला अडीच तास लागले. वाटेतल्या दोन वस्त्यांवरची माणसं दारात येऊन पाहत उभी राहिली, बाया तर पार रस्त्यापर्यंत आल्या. जमुनाला प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी कोरकूत विचारायचं आणि जमुना काठी हवेत फिरवत ऐटीत उत्तर द्यायची. संध्याला कोरकू फारसं येत नव्हतं, पण 'बकऱ्याही' एवढं तिला प्रत्येक वेळी कळलं.

माहेरघराचं रूप आठ दिवसांत पालटलं. मैनाबाई जीपच्या शेडशी बसून राहायची, हातानं चाचपून सहा माना मोजायची. भागीरथाबाईला जेवायला तीन माणसं मिळाली, त्यामुळं तिच्या भाजीला चव आली. चंदाला आयतं खाणं जमेना. दोन दिवस ती अवघडून बसली, तिसऱ्या दिवशी तिनं भागीरथाबाईच्या हातातलं पीठ घेतलं आणि स्वतःची भाकरी स्वतः थापली. संध्यानं हरकत घेतली नाही. एक दिवसाआड तिला शिरेतून लोह चढवलं जात होतं, आणि साडेसातचं रक्त बाराव्या दिवशी नऊच्या जवळ गेलं. चंदाच्या नखांना रंग आला. डॉक्टरांनी तो आकडा दोनदा पाहिला आणि कागदावर मोठं बरोबर केलं.

तेराव्या दिवशी जिल्ह्याहून साहेब आले. न कळवता आले, कारण अचानक तपासणीलाच ते निघाले होते. दोन दिवसांपासून पाऊस लागून होता आणि त्यांची गाडी चिखलात दोनदा रुतली होती, त्यामुळं साहेब उतरले तेच घुश्शात. दवाखाना पाहिला, औषधांचा साठा पाहिला, सगळं ठाकठीक. मग मागं गेले. शेडमधून एक बोकड त्यांच्याकडं पाहून ओरडला.

"हे काय आहे?"

डॉक्टर धर्मेंद्र काही बोलायच्या आत संध्या पुढं झाली. "बकऱ्या आहेत साहेब. माहेरघरातल्या बाईच्या. माझ्या जबाबदारीवर आणल्या, तसं लिहून दिलंय."

साहेबांनी तो कागद मागवला, वाचला. "बाई, तुम्हाला कळतं का तुम्ही काय केलंय? इथं बाळंतपणं होतात. उद्या याचा फोटो कुठं छापून आला तर? आज संध्याकाळपर्यंत ही जनावरं आवाराबाहेर गेली पाहिजेत. तुम्हाला नोटीस येईल ती वेगळी."

हे बोलणं चाललं होतं तेव्हा चंदा दारात उभी होती. मराठी तिला पूर्ण कळत नव्हतं, पण बोटाची दिशा कळत होती. ती आत गेली आणि लुगडी गाठोड्यात बांधायला लागली. रडणं नाही, भांडणं नाही. पोरीला चपला घाल म्हणाली, सासूला काठी दिली. भागीरथाबाई तिच्या मागं मागं "थांब नं बापा, थांब नं" करत राहिली.

संध्या आत गेली, बाहेर आली. तिच्या हातात बाईला घरी सोडायचा छापील कागद होता. तिनं तो साहेबांच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि उभ्याउभ्याच भरला. बाईचं नाव, गाव, दिवस भरलेले. रक्त नऊ. मागच्या बाळंतपणात अतिरक्तस्राव, मूल दगावलं. सोडण्याचं कारण: बकऱ्या हलवण्याचा आदेश.

"साहेब," ती म्हणाली, "बकऱ्या गेल्या की ही जाते, ते पाहा, गाठोडं बांधून राहिली. रपट्यावर सकाळी गुडघाभर पाणी होतं, आता कमरेइतकं असेल. हे लोक तशातही उतरतात. ती पलीकडं गेली की आपण अलीकडं. दोन वर्षांपूर्वी मी चार तास त्या काठावर उभी होते, ह्याच बाईसाठी. आता पुन्हा नाही उभी राहणार." तिनं पेन पुढं केलं. "मी तिला सोडत नाहीये. तुमचा आदेश आहे, तर इथं खाली तुमची सही करा. मी लगेच बकऱ्या सोडते."

साहेबांनी कागद घेतला. सगळा वाचला. मग पुन्हा वरून वाचला. वाईट माणूस तेही नव्हते; त्यांनाही वर कोणीतरी होतंच. त्यांनी दारातल्या चंदाकडं पाहिलं, गाठोड्याकडं पाहिलं, आणि सही न करता कागद बॉनेटवर परत ठेवला.

"नोटीस येईल," ते म्हणाले आणि गाडीत बसले.

संध्यानं आत जाऊन चंदाच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि खाटेखाली सरकवलं.

साहेब गेल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला, बकऱ्यांना पाला घालता घालता चंदाला कळा सुरू झाल्या. पाऊस उघडला नव्हता, रपट्यावरून पाणी वाहतच होतं. दुपारी एकच्या सुमाराला मुलगी झाली, सव्वादोन किलोची, बारीक पण खणखणीत रडणारी. संध्यानं मांडीत इंजेक्शन दिलं, वार पडली, आणि सगळं सुरळीत होतंय म्हणेतो रक्त सुरू झालं. तेच, मागच्या वेळचंच. खाटेखालचं भांडं भरू लागलं.

पण ह्या वेळी संध्याचा हात चंदाच्या पोटावर होता. ती पोटावरून गर्भाशय चोळत राहिली, जोरानं, न थांबता. डॉक्टरांनी दोन्ही हातांना सलाईन लावलं, दुसरं औषध दिलं. चंदाचे ओठ पांढरे पडले. संध्याचे दंड भरून आले, घाम डोळ्यांत उतरला. ती मोठ्यानं बोलत होती, कोणाशी ते तिलाही माहीत नव्हतं. "नाई जाऊ देत. ह्या खेपेले नाई जाऊ देत."

चंदाचे डोळे अर्धवट उघडले. ती पुटपुटली, "बकरी... पानी का टाइम..." आणि उठायला लागली. तिला धरता धरता सलाईनची नळी हलली.

डॉक्टर धर्मेंद्र रक्तानं भरलेल्या हातमोज्यांनिशी दाराकडं वळून म्हणाले, "किसनराव, बकऱ्यांना पाणी पाजा. सहाच्या सहा. आन इथं येऊन हिले सांगा."

थोड्या वेळानं दाराबाहेरून किसनरावांचा आवाज आला. "पाजलं हो बाई. सहाईले पाजलं. तो बोकड पेतच नव्हता, त्यालेई पाजलं."

चंदानं डोळे मिटले आणि अंग सैल सोडलं. संध्याच्या हाताखाली गर्भाशय हळूहळू कडक होत गेलं. वीस मिनिटांनी रक्त थांबलं. डॉक्टर भिंतीला टेकून उभे राहिले, आणि संध्या खाली फरशीवर बसली ती बराच वेळ उठलीच नाही.

बदलीची यादी ठरल्याप्रमाणं महिनाअखेरीस लागली. संध्याचं नाव त्यात नव्हतं. ते राखून ठेवलेल्या नावांत होतं, आणि पुढं 'चौकशी प्रलंबित' असं लिहिलेलं होतं. तिनं राजापेठेला फोन लावला आणि आकांक्षाला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.  पलीकडून गाड्यांचे हॉर्न तेवढे येत होते.

"मी सगळे दिवस खोडले होते आई," आकांक्षा म्हणाली.

"मले माहीत हाय बेटा."

पुन्हा हॉर्न. मग आकांक्षानं विचारलं, "ते बाई जगली नं?"

"जगली."

"आन पोरगी?"

"तेई. वजन वाढून राहिलं तिचं."

"मंग ठीक हाय," आकांक्षा म्हणाली. पण आवाज रडवेला होता, आणि तिनं फोन पटकन ठेवून दिला. संध्या माहेरघराच्या मागच्या पायरीवर बसून पोटभर रडली. मग तोंड धुतलं आणि आलेली नोटीस घेऊन टेबलाशी बसली. तीन दिवसांत लेखी खुलासा मागितला होता. तिनं लिहिलं:

'सविनय सादर, की माहेरघराच्या आवारात बकऱ्या होत्या हे खरे आहे. त्या मीच आणल्या. चंदा बेठेकर व तिची मुलगी सुखरूप आहेत. येत्या सोमवारी आणखी तीन गरोदर माता दाखल होत आहेत. त्यांच्यासोबत अकरा बकऱ्या, एक गाय व अंदाजे वीस कोंबड्या असतील. जीपची शेड अपुरी पडत आहे. तरी गोठ्यासाठी बारा पत्रे मंजूर करावेत, ही विनंती.'

दोनदा वाचून तिनं सही केली आणि कागद डॉक्टरांपुढं ठेवला. डॉक्टरांनी तो वाचला आणि कपाळाला हात लावला.

"सिस्टर, त्यायनं खुलासा मांगतला. तुमी पत्रे मांगून राहिल्या?"

"खुलासा लिहिला नं सर वर. पत्रे खाली हायेत."

"वर हा कागद माह्या सहीनं जाते. समजते नं तुमाले?"

"समजते."

डॉक्टर खिडकीतून शेडकडं पाहत बसले. मग त्यांनी पेन उचललं, 'बारा' खोडून 'वीस' केलं, आणि खाली शिफारशीच्या जागी सही ठोकली.